अक्षरांत उमटणारा आवाज

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नित्य घडणारा एक प्रसंग आहे. टेलिफोनची घंटा वाजते. आजोबा उठतात, फोन कानाला लावतात, कपाळाला आठ्या घालून क्षणभर ऐकतात, दोनतीन वेळा "हो, हो" म्हणतात आणि मग जवळच अभ्यास करीत बसलेल्या नातवाच्या हाती तो देऊन म्हणतात, "घे बाबा, तूच बोल." नातू बोलतो, निरोप घेतो, त्यातला अर्धा विसरतो आणि उरलेला अर्धा आजोबांच्या कानाशी ओरडून सांगतो. घरातील सर्वांना याची इतकी सवय झालेली असते की त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. परंतु ज्या गृहस्थाने जन्मभर आपले व्यवहार आपणच केले, त्याला आता स्वतःच्या मुलीशी बोलण्यासाठीही मध्यस्थ लागतो. मुलीने जे केवळ वडिलांना सांगायचे ते आता नातवाच्या तोंडून सांगावे लागते, आणि सांगण्यासारखे पुष्कळसे मग मनातच राहून जाते.

या अडचणीवर जगात एक उपाय निघालेला आहे. पलीकडचा माणूस जे बोलतो ते कानाला ऐकू येत असतानाच डोळ्यांपुढे अक्षरांत उमटत जाईल असा हा टेलिफोन आहे. इंग्रजीत त्याला कॅप्शन्ड टेलिफोन म्हणतात. आपण त्याला अक्षरपट्टीचा टेलिफोन म्हणू. तो कसा निर्माण झाला, कसा चालतो आणि आपल्या बालाघाटसारख्या गावात आपल्या आजीआजोबांना त्याचा कितपत उपयोग होऊ शकेल, याची थोडी माहिती या लेखात देण्याचा विचार आहे.

प्रथम आपण हे पाहू की म्हातारपणी कमी ऐकू येते म्हणजे नेमके काय होते. आवाजाच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात, तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून आत जातात आणि शंखाच्या आकाराच्या आंतरकर्णात पोचतात. तेथे सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. प्रत्येक कानात अशा सुमारे पंधरा हजार पेशी असतात. लहरींनी त्या हालतात आणि त्यांच्यापासून निघालेला संदेश मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूकडे जातो. या पेशी एकदा नष्ट झाल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच स्वर ओळखतात, व वयोमानाप्रमाणे प्रथम झिजतात त्या याच.

आता आपली भाषा पाहा. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीचे व जोरकस असतात. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा आवाज मात्र हलका आणि उंच असतो. म्हणून वृद्ध माणसाला शब्दाचा सांगाडा ऐकू येतो, पण त्याचे कंगोरे हरवतात. 'सात', 'साठ' आणि 'आठ' हे तिन्ही शब्द त्याच्या कानी जवळजवळ एकच होऊन पडतात. "मला आवाज येतो, पण शब्द कळत नाही," अशी तक्रार म्हातारी माणसे करतात ती अक्षरशः खरी असते. तो हट्ट नव्हे किंवा दुर्लक्षही नव्हे.

टेलिफोनवर ही अडचण दुप्पट होते. तरुण व निरोगी कान दर सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपने असलेले आवाज ऐकू शकतो. पण टेलिफोनची परंपरागत व्यवस्था त्यांतील केवळ ३०० ते ३,४०० कंपनांचा पट्टाच पलीकडे पोचवते. अलीकडच्या काही मोबाईल सेवांत हा पट्टा ७,००० पर्यंत रुंदावला आहे हे खरे, तरी तो सर्वत्र व सर्व वेळी मिळतोच असे नाही. 'स' या वर्णाची बरीचशी शक्ती ४,००० कंपनांच्या वर असते. म्हणजे जे आजोबांच्या कानाने आधीच गमावलेले आहे, ते टेलिफोनही गाळूनच पाठवतो. शिवाय समोरासमोर बोलताना माणूस नकळत दुसऱ्याचे ओठ, चेहरा, हातवारे पाहून न ऐकलेले शब्द भरून काढीत असतो. टेलिफोनवर तोही आधार नाहीसा होतो.

केवळ वय हेच याचे कारण असते असे नाही. आपल्या शेजारी भरवेलीला मँगनीजची खाण आहे आणि जिल्ह्यातच मलाजखंडला तांब्याची. खाणीतील छिद्रणयंत्रे, दगड फोडणारी यंत्रे, सुरुंग यांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांच्या कानावर परिणाम होतो ही गोष्ट वैद्यकशास्त्राला जुनीच ठाऊक आहे. आपले साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते. ८५ डेसिबलहून मोठ्या आवाजात रोज आठ आठ तास काढले तर कानाला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणूनच अशा कामगारांनी कानात बोळे किंवा कानावर टोप्या घालाव्यात असा नियम असतो. लग्नाच्या मिरवणुकीत ध्वनिक्षेपकाच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या आणि रात्रंदिवस कानात यंत्र खोचून गाणी ऐकणाऱ्या आपल्या तरुण मित्रांनीही हा आकडा ध्यानात ठेवावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली श्रवणाविषयी जो जागतिक अहवाल प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे जगातील सुमारे १५० कोटी माणसांना कमीअधिक श्रवणदोष आहे आणि त्यांपैकी ४३ कोटींना उपचाराची किंवा साधनांची गरज आहे. साठी ओलांडलेल्या लोकांत तर चारांतील एकाहून अधिक माणसांना हा त्रास जाणवण्याइतका असतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये, उतारवयात येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोषाला स्थान दिले आहे. कान मिटला की माणसे टळतात, माणसे टळली की मन मिटत जाते, असा हा क्रम असावा.

येथे एक घरगुती गोष्ट सांगते. मी मूळची गोव्याची. पेडणे तालुक्यातील आमच्या घरी कोकणीच बोलली जाते. नोकरीच्या निमित्ताने बालाघाटला येऊन मला आता नऊ वर्षे झाली. आई गावीच असते. आमचे बोलणे दर रविवारी टेलिफोनवर होते. काही वर्षांपूर्वी चवथीच्या आधी, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी, मी तिला फोनवर सांगितले, "चवथीक हांव येतां." म्हणजे, चतुर्थीला मी येते. आई म्हणाली, "बरें." त्यानंतर ती फारशी बोलली नाही, मला वाटले, दमली असेल. दोन दिवसांचा प्रवास करून मी घरी पोचले तो घरात दिवा मिणमिणता, नेवऱ्यांचा पत्ता नाही, माटोळी बांधण्यासाठी कोणाला सांगितलेले नाही. शेजारच्या घरच्या गणपतीला जाऊन नमस्कार करून यायचे, असे तिने ठरवले होते. मला दारात पाहून ती रडू लागली. तिने ऐकले होते, "हांव येना." म्हणजे, मी येत नाही.

कोकणीत 'येतां' आणि 'येना' यांत काय अंतर आहे? एका व्यंजनाचे. ते व्यंजन तिच्या कानाने व टेलिफोनने मिळून हरवले होते, आणि त्याच्या जागी तिच्या मनातील भीतीने दुसरे बसवले. पुन्हा विचारायचे तिला सुचले नाही असे नव्हे. बहिरी म्हणतील या संकोचाने तिने विचारले नाही. मग मला आठवले की गेली दोन वर्षे ती फोनवर "बरें, बरें" एवढेच म्हणत असे. मी ते तिचे समाधान समजत होते.

असो. आता या उपायाच्या इतिहासाकडे वळू.

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा व्यवसायाने बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. त्याची आई एलायझा हिला फार कमी ऐकू येई. १८७१ पासून तो अमेरिकेत बोस्टन येथे बहिऱ्या मुलांना बोलावयास शिकवीत असे, आणि ध्वनीचा जो अभ्यास त्याने या कामासाठी केला, त्यातूनच पुढे टेलिफोनची कल्पना निघाली. ७ मार्च १८७६ रोजी त्याला आपल्या शोधाचे एकाधिकारपत्र मिळाले. दुसऱ्या वर्षी त्याने मेबल हबर्ड हिच्याशी विवाह केला. मेबलचे ऐकणे वयाच्या पाचव्या वर्षी लाल ताप येऊन पूर्ण गेले होते. ती ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखीत असे. दैवाचा खेळ असा की टेलिफोन सर्व जगाला मिळाला, पण ज्याने तो घडवला त्याच्या पत्नीला त्यावरून एक शब्दही ऐकता येण्याजोगा नव्हता. ही उणीव भरून निघावयास पुढे जवळजवळ ९० वर्षे लागली.

१९६४ साली रॉबर्ट वाइटब्रेख्ट या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने, जो स्वतः बहिरा होता, एक युक्ती शोधून काढली. तारयंत्रासारखे टंकलेखन करणारे टेलिप्रिंटर त्या काळी होतेच. त्यावर टंकलेल्या प्रत्येक अक्षराचे त्याने ठराविक स्वरांत रूपांतर केले. ते स्वर टेलिफोनच्या तोंडापाशी वाजवले, आणि पलीकडच्या यंत्राने ते ऐकून पुन्हा अक्षरे छापली. जेम्स मार्स्टर्स हे दंतवैद्य आणि अँड्र्यू सॅक्स हे अभियंता त्याचे या कामातील सहकारी होते, व तेही दोघे बहिरेच होते. अशा रीतीने ऐकू न येणाऱ्या माणसांनीच आपला टेलिफोन आपण निर्माण केला. मोठ्या कंपन्यांनी टाकून दिलेले अवजड टेलिप्रिंटर दुरुस्त करून त्यांनी हे जाळे पसरवले.

या व्यवस्थेत एक मर्यादा होती. दोन्ही टोकांना यंत्र असेल तरच संभाषण होई. म्हणून पुढे मध्यस्थ केंद्रे निघाली. तेथील कर्मचारी बहिऱ्या माणसाने टंकलेला मजकूर ऐकणाऱ्याला वाचून दाखवी आणि त्याचे उत्तर टंकून परत पाठवी. १९९० साली अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा जो कायदा झाला, त्याने अशी सेवा देशभर देणे टेलिफोन कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि १९९३ पासून ती सर्वत्र सुरू झाली.

तरीही उतारवयात ऐकू येईनासे झालेल्या माणसांची गरज वेगळी होती. जन्मतः बहिरा असलेला माणूस खुणांची भाषा शिकतो. तीच त्याची मातृभाषा होते. सत्तरीतल्या आजीने ती कधी शिकावी? तिला बोलता उत्तम येते, वाचता येते, थोडेसे ऐकूही येते. तिला टंकलेखन नको. आपल्या आवाजात बोलावे, मुलाचा आवाज जमेल तितका ऐकावा आणि जे निसटेल ते वाचून घ्यावे, एवढेच तिचे मागणे. अक्षरपट्टीचा टेलिफोन निघाला तो या मागणीतून. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २००३ साली या सेवेला मान्यता दिली.

त्याची रचना समजण्यास सोपी आहे. यंत्र नेहमीच्या टेलिफोनसारखेच, पण त्याला पुस्तकाच्या पानाएवढा पडदा असतो. मुलगा नेहमीसारखा फोन करतो. त्याचा आवाज एका वाटेने आईच्या कानी जातो आणि दुसऱ्या वाटेने मध्यस्थ केंद्रात. केंद्रातील कर्मचारी मुलाचे प्रत्येक वाक्य ऐकून ते स्वतःच्या तोंडाने संगणकापुढे स्पष्टपणे पुन्हा उच्चारतो. संगणकाला त्या एका कर्मचाऱ्याच्या आवाजाची सवय करून दिलेली असते, म्हणून तो त्याचे बोलणे बरेच अचूक अक्षरांत उतरवतो आणि ती अक्षरे काही क्षणांत आईच्या पडद्यावर दिसू लागतात. आईचा आवाज मात्र सरळ मुलाकडे जातो. ऐकलेले कोठेही सांगावयाचे नाही, असे कायद्याचे बंधन त्या कर्मचाऱ्यावर असते. या सेवेचा खर्च दूरसंचार कंपन्यांच्या वर्गणीतून उभारलेल्या निधीतून भागतो. पुढे यंत्रेच माणसाचा आवाज थेट ओळखू लागली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी मधला कर्मचारीही गेला.

आपल्या देशात अशी निधीवर चालणारी सार्वजनिक व्यवस्था उभी राहिलेली नाही. परंतु तिच्या जवळ जाणारी एक वस्तू आपल्या खिशातच आहे. २०१७ साली गूगल कंपनीने आपल्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत मराठीसह आठ भारतीय भाषा घातल्या. २०१९ मध्ये त्याच कंपनीने, अमेरिकेतील बहिऱ्या विद्यार्थ्यांच्या गॅलॉडेट विद्यापीठाच्या साह्याने, 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' नावाची सोय अँड्रॉइड फोनांसाठी काढली. समोर चाललेले बोलणे फोनच्या ध्वनिग्राहकाने ऐकून ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवणे हे तिचे काम. ती विनामूल्य आहे, व तिच्यात मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा आहेत.

यंत्राला अक्षरे कशी कळतात, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात येईल. यंत्र ऐकलेल्या आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे बारीक तुकडे करते, प्रत्येक तुकड्यात कोणता वर्ण असण्याचा संभव किती हे ठरवते, आणि मग भाषेत कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे त्यावरून वाक्य जुळवते. हे सर्व ते हजारो तासांच्या ध्वनिमुद्रित बोलण्यावरून शिकलेले असते. म्हणजे त्याला अर्थ कळतो असे नाही. ते उत्तम अनुमान करते. अनुमान म्हटले की चूक आलीच. आणि वाचणाऱ्याचा तोटा असा की चुकीचे अक्षरसुद्धा बरोबर अक्षराइतकेच ठळक व आत्मविश्वासाने छापलेले दिसते.

ही सोय टेलिफोनच्या बोलण्यासाठी वापरताना एक साधी अडचण येते. ज्या फोनवर बोलणे चालू असते, त्याच फोनचा ध्वनिग्राहक बोलण्यात गुंतलेला असल्यामुळे त्यावर अक्षरे उमटवणे सहसा साधत नाही. काही फोनांत संभाषणाची अक्षरपट्टी आतूनच दाखवण्याची व्यवस्था असते, पण ती ठराविक भाषांपुरती. म्हणून सोपा मार्ग असा की एका फोनवर बोलावे, त्याचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवावा, आणि शेजारी दुसरा फोन अक्षरे उमटवण्यासाठी ठेवावा. आजी बोलते पहिल्याशी आणि वाचते दुसऱ्यावर. इंटरनेट बरे असावे आणि खोलीत दूरदर्शन चालू नसावे, एवढी पथ्ये पाळली की पुष्कळसे काम होते.

आमच्या घरी हेच केले. प्रथम आईला पणजीला नेऊन कानांची तपासणी करवली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने श्रवणयंत्र घेतले. समोरासमोरच्या बोलण्यात त्याने मोठा फरक पडला. टेलिफोनवर मात्र फोन कानाशी नेताच यंत्र शिट्टी घाली. पुष्कळ श्रवणयंत्रांत टेलिफोनसाठी वेगळी वेटोळ्याची सोय असते, हे आम्हाला नंतर समजले. मग भावाने तिच्यासाठी टेबलावर दोन फोन मांडले, आणि मी बालाघाटहून बोलू लागले.

पहिल्याच दिवशी विचित्र गंमत झाली. यंत्राला आम्ही मराठी लावली होती आणि मी सवयीने कोकणी बोलत होते. पडद्यावर काहीच्या काही वाक्ये उमटत होती आणि आई ती मोठ्याने वाचून हसत होती. तेवढ्यात मला ती चवथ आठवली, आणि मी मुद्दाम म्हटले, "हांव येना." आईने वाचून दाखवले, "ये ना." कोकणीत ज्याचा अर्थ 'मी येत नाही', त्याचे मराठी यंत्राने 'ये ना' असे आग्रहाचे निमंत्रण केले होते! यंत्राची त्यात चूक काय? त्याला जी भाषा शिकवली त्या भाषेत त्याने बरोबरच ऐकले. पण जिला येणार की नाही एवढेच जाणून घ्यायचे आहे, तिच्या दृष्टीने त्याने अर्थ नेमका उलटा केला.

तेव्हापासून आम्ही एक तह केला आहे. मी आईशी मराठीत बोलते. ती मला कोकणीत उत्तर देते, कारण मला ऐकू येतेच. आई मराठी शाळेत शिकलेली असल्याने वाचण्याची अडचण नाही. पण जन्मात कधी आम्ही मायलेकी मराठीत बोललो नव्हतो. पहिल्या महिन्यात ती एकदा म्हणाली, "तूं शाळेंतले भाशेन उलयता गे." म्हणजे, तू शाळेतल्या भाषेत बोलतेस. त्या एका वाक्यात तिला काय मिळाले आणि काय गमवावे लागले, ते दोन्ही आले. आज ती माझे प्रत्येक वाक्य समजून घेते. पण ते आमच्या घरच्या भाषेत नसते.

ही गोष्ट केवळ आमच्या घरची नव्हे. आपल्याच शाळेतील किती मुलांच्या घरी आजी पोवारी बोलते, किती जणांच्या घरी गोंडी! वैनगंगेच्या या खोऱ्यात मराठी, हिंदी आणि या बोली एकमेकींच्या अंगणात वावरतात. ज्या भाषेचे ध्वनिमुद्रित बोलणे विपुल, ती यंत्राला लवकर येते. ज्या भाषेचे थोडे, ती मागे राहते. भारत सरकारने २०२२ मध्ये 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला, त्यात 'भाषादान' म्हणून एक योजना आहे. कोणीही आपल्या भाषेतील वाक्ये बोलून किंवा इतरांची तपासून त्या साठ्यात भर घालू शकतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी सुट्टीत यात थोडा वेळ घालवला तर तो वाया जाणार नाही.

कायद्याची व शासनाची बाजूही थोडक्यात सांगितली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात, दृक्‌श्राव्य माध्यमांतील मजकूर अपंगांना कळेल अशा रूपात मिळावा, त्यासाठी खुणांची भाषा व अक्षरपट्टी यांची सोय व्हावी, असे शासनाचे कर्तव्य सांगितले आहे. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठ नागरिकांना श्रवणयंत्रासारखी साधने विनामूल्य देणारी 'राष्ट्रीय वयोश्री योजना' २०१७ साली सुरू झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाणी व श्रवण यांच्या दोषांसंबंधी संशोधन, शिक्षण आणि उपचार यांचे काम करते. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना कमी ऐकू येत असेल तर प्रथम जिल्हा रुग्णालयात कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. कित्येकदा कानात साचलेला मळ एवढेच कारण निघते, आणि तो काढताच आजोबांना पुन्हा घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागते. तेल, काडी, केसांचा आकडा हे घरगुती प्रयोग कटाक्षाने टाळावे.

आता आपण घरी काय करू शकतो ते पाहू. वृद्धांशी बोलताना ओरडू नये. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने नव्हेत. उलट आवाज फाटतो आणि झिजलेल्या कानाला तो असह्य होतो. सावकाश, स्पष्ट, तोंड समोर ठेवून बोलावे. फोनवर तारीख किंवा वेळ सांगताना तीच गोष्ट दोन रीतींनी सांगावी: "सतरा तारखेला, म्हणजे एक आणि सात, मंगळवारी." औषधाचे नाव आणि मात्रा कधीही केवळ पडद्यावरील अक्षरांवर सोडू नये. 'घेऊ नको' मधला 'नको' यंत्राने गाळला तर अनर्थ होईल, म्हणून ऐकणाऱ्याकडून ते उलट वदवून घ्यावे आणि लेखी संदेशही पाठवावा. बँकेचे गुप्त अंक विचारणारा फोन आला तर अक्षरपट्टीवर काहीही उमटो, उत्तर द्यायचे नाही, हे आजीआजोबांना पुनःपुन्हा समजावून सांगावे. आणि त्यांनी "काय म्हणालास?" असे विचारले तर "काही नाही, जाऊ द्या" हे उत्तर कधी देऊ नये. ते एकदा ऐकले की माणूस पुन्हा विचारीत नाही. "बरें" म्हणून गप्प बसतो.

आणि ज्या आजीला अक्षरओळखच नाही, तिने काय करावे? आपल्या जिल्ह्यातील खेड्यांत अशा वृद्धा पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे पडद्यावर कितीही सुंदर अक्षरे उमटली तरी ती मुकीच. तेथे नातवंडानेच अक्षरपट्टी व्हावयाचे आहे. पण ते नीट व्हावे. अमेरिकेतील त्या केंद्रातील कर्मचारी आपल्या मनाचे काही घालीत नाही, काही गाळीत नाही आणि ऐकलेले बाहेर सांगत नाही. आपणही आत्याचा निरोप आजीला सांगताना तो पूर्ण सांगावा, तिच्या उत्तराची वाट पाहावी, ते जसेच्या तसे पोचवावे, आणि मायलेकींचे बोलणे गल्लीत सांगत फिरू नये. एवढे केले तरी यंत्राने करावयाचे बरेचसे काम झाले.

या वर्षीच्या चवथीच्या आधी मी आईला फोन केला आणि मराठीत सांगितले, "आई, चतुर्थीला मी येते आहे." पडद्यावर अक्षरे उमटेपर्यंत ती थांबली. मग तिने ते वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवले, आणि पुन्हा एकदा वाचले. त्यानंतर तिने नेवऱ्यांसाठी नारळ किती आणावे ते विचारले.

विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर आजीआजोबांना फोनवर बोलताना एकदा नीट पाहा. ते उत्तर देतात, की नुसतेच "हो, हो" म्हणतात? नुसते "हो" म्हणत असतील, तर त्यांच्याशेजारी बसा आणि फोनवर नेमके काय सांगितले गेले ते त्यांना पुन्हा एकदा सावकाश सांगा.